वासराचे डोळे

मेहरूण, जळगाव
ज्येष्ठ वद्य द्वादशी, शके १८५९

अभिमन, तुला आणि तुझ्या धुळ्याच्या शाळेला अक्काचे आशीर्वाद.

मास्तर झाल्यापासून तुझी पत्रं तपासलेल्या वहीसारखी येतात, म्हणून आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हात लावू नकोस. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, बहिणीचं म्हणून वाच.

पाचोऱ्याचे रुपचंदशेठ कापसाच्या कामाने तिकडे निघालेत. त्यांच्याबरोबर एक गठुडं पाठवते आहे. वर फडकं आहे, आत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यात चित्रं. दुमडू नकोस रे बाबा.

झालं असं, की आखाजीच्या सणापासून नानीला बारीक ताप येतोय. डॉक्टर म्हणाले, पडून राहायचं. नऊ वर्षांची पोर, पडून राहा म्हटलं तर राहते थोडीच! मग पडल्या पडल्या तिने गोष्ट रचली. आपल्या मळ्यातल्या बोरीखाली एक हरवलेलं वासरू येतं. त्याला घरी कसं न्यायचं म्हणून सगळ्या जनावरांची सभा भरते. लंगडा बगळा अध्यक्ष! मग खार, म्हैस, तलावातलं कासव, एकेक जण त्याला थोडं थोडं पुढे पोचवतं आणि शेवटी वासरू गोठ्यात येतं. ती सांगत गेली आणि मी काढत गेले. आई भिंतीवर काढायची तशीच, गेरू, काजळी आणि हळद, फक्त कागदावर.

तुझ्याकडे पुण्यामुंबईची मुलांची पुस्तकं येतात. त्यात हे बसेल का? तू शब्द नीट लावून दे, पण नानीचे शब्द बदलू नकोस, ती लगेच ओळखते. चित्रांचं बाकीचं नानी करेल, त्यांची जागा ठरली की. छापायच्या आधी एकदा घरी येऊ देत, तेवढं त्या लोकांना बजावून सांग.

नानीची काळजी करू नकोस. बरी आहे.

तुझी अक्का, सुंदर


धुळे
१२ जुलै १९३७

ति. अक्कास अभिमनचा नमस्कार.

गठुडं सुखरूप पोचलं. रुपचंदशेठनी ते मांडीवर धरून आणलं आणि मला देताना विचारलं, "मास्तर, यात वाळवलेली बोरं आहेत का?" मी म्हटलं, बोरीसकट आहेत.

अक्का, तू हे काय करून बसलीस! वर्गात चित्रं दाखवली तर मागच्या बाकांवरची पोरं पुढे येऊन माझ्या डोक्यावर पडायची बाकी राहिली. एक म्हणाला, हा बगळा आमच्या पांझरा नदीवरचा आहे, याला मी ओळखतो. माझ्या वर्गातली पोरं पुस्तक दिसलं की पाणी प्यायला जातात, ती पोरं ही. मला तुझा असा अभिमान वाटला, की घरी येऊन पत्र लिहायला बसलो आणि चहा गार झाला.

नानीचा एकही शब्द बदलला नाही. फक्त गोष्टीला नाव दिलं, 'बोरीखालची सभा'. नानीला पसंत पडलं तर कळव. काल पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवून दिलं. ते मुलांची पुस्तकं चांगली काढतात. नानीला सांग, पुस्तक आलं की पहिल्या पानावर तिचं नाव मोठ्या टायपात असेल. झुलाल दाजींना सांग, बोरं उतरली की मास्तराचा वाटा विसरायचा नाही.

तुझा अभिमन


पुणे
२१ ऑगस्ट १९३७

रा. रा. अभिमन देवराम पाटील, शिक्षक, धुळे, यांस सप्रेम नमस्कार.

आपण पाठविलेले 'बोरीखालची सभा' हे हस्तलिखित आम्ही पाहिले. गोष्ट सरळ व गोड आहे. रेषाही जोमदार आहे. परंतु चित्रे अपूर्ण आहेत. एकाही प्राण्याच्या चेहऱ्यावर डोळे काढलेले नाहीत. अध्यक्ष बगळ्यापासून वासरापर्यंत सारी सभा आंधळी आहे. अशी चित्रे बालकांच्या हाती देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. काम पुरे न करता हस्तलिखिते पाठविण्याची घाई नवे लोक करतात व त्यात त्यांचेच नुकसान होते, हे आपण शिक्षक असल्याने सांगावयास नको.

चित्रे सोबत परत पाठवीत आहोत.

आपला,
व्यवस्थापक


धुळे
१९ सप्टेंबर १९३७

ति. अक्का,

पुण्याहून नकार आला. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना गोष्ट आवडली, रेषा आवडली, एवढं आलं तरी पहिल्या खेपेला खूप झालं.

घाईत तुझं थोडं राहून गेलं होतं, ते मी पुरं केलं. काय ते विचारू नकोस. उशाशी दुखणेकरी पोर असल्यावर कोणाच्याही हातून राहतं. माझंही चुकलंच, पाठवण्याआधी मला दिसलं होतं, पण म्हटलं छापणारे समजून घेतील. मास्तराला अपुरं अक्षर पुरं करायची खोडच असते. दोन रविवार खपून मन लावून केलंय आणि माझ्या मते बरं उतरलंय. आता सगळं मुंबईच्या एका छापखान्याकडे गेलंय, त्यांच्याकडे रंगीत दगडी छपाई आहे.

नानीचा ताप गेला का? तू पत्रात तिचं एक ओळीत उरकतेस.

अभिमन


मेहरूण
आश्विन शुद्ध तृतीया

अभिमन,

पुण्याचं जाऊ दे. पहिली भाकरी तव्याला चिकटतेच. पानांना आकडे घालायचे राहिले होते, तेच ना तू पुरं केलंस? मला नंतर आठवलं आणि जीभ चावली.

नागपंचमीला भिंतीवर नाग काढला. नानीला उचलून भिंतीशी बसवलं आणि तिने नागाला डोळे घातले. ते बघताना वाटलं, पुस्तकाच्या चित्रांना डोळे का नाहीत हे मी तुला कधी सांगितलंच नाही! तुझ्या छापणाऱ्यांनी विचारलं असेल आणि तू गोंधळला असशील. तुला तरी कुठून ठाऊक असणार? आई भिंत काढायला बसली की तुम्हा पोरांना बाहेर हाकलायची, आणि तू तर आधीच नदीवर पळालेला असायचास.

आपल्या आईकडची रीत अशी, की जिने चित्र काढलं तिने डोळे घालायचे नाहीत. डोळे घालायचे घरातल्या धाकट्या लेकीने, ज्वारीच्या काडीने, काजळात बुडवून. आणि तेही चित्र आपल्या जागेवर पोचल्यावरच. माझ्या लग्नाचे पाट आठवतात? आईने त्यावर पोपट काढले होते. ते बिनडोळ्यांचेच गाडीत घालून इकडे आणले आणि मांडवात मांडल्यावर चुलत बहिणीने, बेबाबाईने, डोळे घातले. आई म्हणायची, वाटेत डोळे उघडे असले की चित्र वाट बघून ठेवतं, आणि मग घरात ठरत नाही, आल्या वाटेने निघून जातं.

तर आता तू त्या मुंबईकरांना सांग, पुस्तक घेणार असं नक्की ठरलं की चित्रं एक आठवडा इकडे पाठवा. नानी डोळे घालेल आणि मग खुशाल छापा. तिने काडी तासून ठेवली आहे. काजळाची डबी उशाखाली असते. बगळ्याचे रागीट, खारीचे चुकार, म्हशीचे झोपाळू, कोणाचे कसे ते सगळं तिने मनात ठरवलंय. मला सांगत नाही. वासराचे कसे असं विचारलं तर तोंडावर पांघरूण घेते आणि हसते. तिचं सगळं लक्ष आता त्यातच आहे, अभिमन. औषध घ्यायला कुरकुरली की मी म्हणते, हात बळकट नको का व्हायला? की लगेच तोंड उघडते.

ताप थोडा आहे. थोडाच.

तुझी अक्का


धुळे
१४ ऑक्टोबर १९३७

ति. अक्का,

तुझं पत्र मिळालं. शाळेत परीक्षा चालू आहे, म्हणून दोनच ओळी.

चित्रं मुंबईत आहेत. मी आजच त्यांना लिहिलं आहे, उद्या पुन्हा लिहितो. परत मागवतो. दिवाळीत टपालाला उशीर होतो, तेव्हा नानीने उतावीळ होऊ नये. काजळाची डबी झाकून ठेवायला सांग, नाहीतर वाळेल.

तू हे मला आधी का नाही सांगितलंस गं अक्का?

अभिमन


मुंबई
८ नोव्हेंबर १९३७

रा. अभिमन पाटील यांस,

आपली दोन्ही पत्रे पोचली. 'बोरीखालची सभा' आम्ही स्वीकारली असून ती छापण्यास घेतली आहे, हे आपणांस आनंदाने कळवितो.

मूळ चित्रे परत पाठवावीत, डोळे खरवडून काढावेत व ते दुसऱ्या हाताने नव्याने घातल्यावर मगच छापावे, ही आपली सूचना आमच्या ध्यानात आली नाही. खरे सांगावयाचे तर डोळ्यांमुळेच आम्ही हे पुस्तक घेतले. बाकी चित्रे खेडवळ वळणाची असली तरी डोळे फार बोलके आहेत. विशेषतः शेवटल्या चित्रातील वासरू गोठ्यात पोचून आपणांकडे टक लावून पाहते, ते तर आमच्या कारागिरांनाही आवडले. चित्रे दगडावर उतरवून झाली आहेत, तेव्हा आता बदल करणे शक्य नाही. मूळ कागदांवर कामात शाई सांडली असल्याने ते परत करण्याजोगे राहिले नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत.

नाताळनंतर प्रती पाठवू.

आपला,
छापखान्याचा व्यवस्थापक


मेहरूण
कार्तिक वद्य नवमी

अभिमन,

दिवाळी होऊन गेली, तुझं पत्र नाही. मुंबईकरांनी काही कळवलं का? मी तुझ्या मागे लागत नाही रे. तुझ्या हातात काय आहे, ते मोठे लोक, त्यांच्या सवडीने पाठवतील. पण लवकर झालं तर बरं होईल.

नानी रोज विचारते, "माय, चित्रं उनात का?" टपालवाल्या चिंधाचा आवाज तिला कोपऱ्यावरूनच ओळखू येतो. तो बिचारा आता आमच्या दारावरून पाय न वाजवता जातो. परवा ह्यांनीच पलंगाजवळची भिंत चुन्याने सारवून दिली आणि मला म्हणाले, तू परत काढ, सगळी सभा काढ, मुंबईहून यायचं ते येईल तेव्हा येईल. पोरीपुढे बापाचा जीव कसा होतो ते पाहिलंस का! ज्यांनी कधी माझ्या काजळीच्या वाटीकडे बघितलं नाही, ते गेरू कुटून देतात. तर आता मी भिंतीवर काढायला बसले आहे. सगळं आठवतंय, कारण नानी एकही पान विसरू देत नाही.

तिचा हात थोडा थरथरतो. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.

हे म्हणत होते, अभिमनला सवड असली तर एकदा येऊन जाऊ दे. मी म्हटलं, शाळा बुडवून कशाला? पण तू ठरव.

अक्का


धुळे
२ फेब्रुवारी १९३८

ति. अक्का,

तुझ्याकडून परत आल्यापासून हे पत्र रोज लिहायला घेतो. नानीबद्दल काय लिहू? तुझं पत्र आलं तेव्हाच निघालो असतो तर ती मला भेटली असती. तू शाळा बुडवून कशाला म्हणालीस, आणि मीही ते खरं धरलं. मला खरं धरायचंच होतं, कारण हात हलवत तिच्यासमोर कसा उभा राहणार होतो?

पुस्तक आलं आहे. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, मोठ्या टायपात, कबूल केल्याप्रमाणे. मी स्वतः घेऊन येणार होतो, पण पाय उचलत नाहीत. टपालाने पाठवतो आहे. उघडलंस की तुला सगळं दिसेल. मग मला जे म्हणायचं असेल ते म्हण, मी ऐकून घेईन.

दाजींना नमस्कार सांग.

अभिमन


मेहरूण
चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

अभिमन,

तुझं पुस्तक येऊन कितीतरी दिवस झाले. चिंधाने ते दारात माझ्या हातात दिलं आणि रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं.

पहिलं पान उघडलं, नाव वाचलं. दुसरं उघडलं आणि बगळा माझ्याकडे बघायला लागला. मी पुस्तक भिरकावलं. ह्यांनी उचलून फडक्याने पुसलं आणि फळीवर ठेवलं. मला इतका राग आला होता, की तू समोर असतास तर लहानपणी द्यायचे तशी तुझ्या पाठीत एक दिली असती. आणि ते डोळे तुझेच, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. पाटीवर आईला काढायचास तेव्हा तिला असेच मोठे गोल डोळे काढायचास. भेटायला आलास तेव्हा दिवसभर पलंगाकडच्या भिंतीला पाठ करून बसला होतास. मला वाटलं, पोराला बघवत नाही. मी शेजारच्या झुंबरबाईला म्हटलंसुद्धा, मामाचा फार जीव होता.

राग राग केला, मग तुझी पत्रं काढून परत वाचली. माझीही आठवून पाहिली. "बरी आहे", "थोडा ताप", "अशक्तपणा आहे". डॉक्टरांनी श्रावणातच ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, अभिमन. मी तुला लिहिलं नाही. म्हटलं, त्याचं मन खचेल, पुस्तकाचं राहून जाईल. आणि तू मला लिहिलं नाहीस, म्हटलं असशील अक्काचं मन खचेल. दोघं बहीणभाऊ एकमेकांना जपत बसलो आणि पोर वाट बघत राहिली. आता कोणी कोणाला बोलायचं?

एक मात्र तुला सांगायलाच हवं, कारण तू भिंतीकडे बघितलंच नाहीस. नानीने डोळे घातले. सगळ्यांना घातले. रोज एकेक जनावर, मी पाठीमागून धरायची आणि ती काडी टेकवायची. बगळा असा रागीट झालाय, की झुंबरबाईच्या पोरी त्याच्या समोर बसत नाहीत. खार चोरून बघते. म्हशीचा एक डोळा मोठा झाला, तर नानी म्हणाली, राहू दे, म्हशींचं असंच असतं. शेवटी वासरू राहिलं. त्या दिवशी तिला बसवत नव्हतं, म्हणून ह्यांनी तिला उचलून धरलं. आणि तिने वासराला डोळे काढलेच नाहीत. म्हणजे उघडे नाही काढले. दोन नुसत्या रेघा ओढल्या, मिटलेल्या पापण्यांच्या. मी म्हटलं, अगं बाई, बठ्ठ्यांना डोळे घातलेस, आणि हे एवढं लांबून घरी आलं, त्यालाच नाहीत? तर म्हणाली, "माय, ते घर उनं ना आते. झोपू दे त्याले."

इतके महिने पांघरुणात हसत होती, ते हे होतं.

तीन दिवसांनी ती गेली.

तू काढलेले डोळे वाईट नाहीत. गल्लीतल्या पोरींना पुस्तक फार आवडतं, रोज मागायला येतात, मी देते. पण शेवटचं पान आलं की मी उठून आत जाते. ते वासरू गोठ्यात पोचलं तरी टक लावून बसलंय. मला ते बघवत नाही रे. माझं लेकरू जागंच राहिल्यासारखं वाटतं.

पत्रासोबत एक पातळ कागद आहे. भिंतीवर धरून नानीच्या त्या दोन रेघा मी त्यावर उतरवल्या आहेत. एक रेघ खाली घसरली आहे, हात थरथरला होता तिचा. तू मास्तर आहेस, सरळ करायला जाशील. सरळ करू नकोस.

यंदा आखाजीला मुराळी म्हणून मला न्यायला येऊ नकोस, मी माहेरी निघणार नाही. दाराशी झोकाही बांधणार नाही. तरी तू ये. भिंतीकडे तोंड करून बस, जेव, आणि मग फळीवरचं पुस्तक काढ. थोडा पांढरा रंग आण. काडी आणि काजळाची डबी घरात आहे, डबी मी झाकून ठेवली होती, वाळली नाही. वासराचे डोळे तू उघडलेस, आता तुझ्याच हाताने ते मिट. मी शेजारी बसेन.

तुझी अक्का